बोलक्या पक्ष्याचे मुके दुखणे

पढविलेला पोपट ‘विठू विठू’ म्हणतो. परंतु ‘मला बरे नाही’ एवढे मात्र त्यास सांगता येत नाही. रानात दुबळे पाखरू शत्रूच्या दृष्टीस आधी पडते. म्हणून आजार लपविणे हा पक्ष्यांचा जन्मजात स्वभाव आहे. तो उघड मलूल दिसू लागतो, तेव्हा दुखणे बरेच बळावलेले असते. म्हणूनच ‘उद्या पाहू’ ही वृत्ती घातक होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, श्वासागणिक शेपटी हलणे, खाणे टाकणे, विष्ठेचा रंग पालटणे, छातीचे हाड वर येणे ही लक्षणे ओळखावीत. पिंजरा उबदार, शांत जागी ठेवावा व त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. कारण उमगत नाही म्हणून दृष्ट काढीत बसू नये. माणसांची औषधेही पाजू नयेत. काही पक्षिरोग माणसांसही जडतात. यास्तव हात स्वच्छ धुवावेत.

‘एवढ्याशा पाखरासाठी इतका खटाटोप कशाला?’ असे कोणी विचारतील. ज्याचे आकाश आपण हिरावले, त्याच्या जिवाचा भार आपणांवरच नव्हे काय? आपल्या रानांतील पोपट धरणे, विकणे व पाळणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. तेव्हा बालमित्रहो, घरी असलेल्या आजारी पोपटाची शुश्रूषा मनोभावे करा, पुढे काय करावे ते वनखात्यास विचारा. आणि बाजारातून नवा पोपट आणण्याचा हट्ट मात्र कधीही धरू नका. घेणारा उरला नाही, की धरणाराही उरणार नाही.