निवडणारा डोळा कुणाचा?



एप्रिल उजाडला की अंबाडी नाक्यापासून वज्रेश्वरीच्या रस्त्यापर्यंत बॅनर लागतात. 'भीम जयंतीनिमित्त भव्य टेनिस क्रिकेट स्पर्धा.' वरच्या कोपऱ्यात बाबासाहेबांचा लहानसा फोटो, खाली पोरसवदा कार्यकर्त्यांचे चेहरे आणि मधोमध ज्यांनी बक्षीस दिलं त्या शेठचा कमरेपर्यंतचा फोटो. तीन दिवस डीजे, कॉमेंट्री, षटकाराला शंभरची नोट. चौथ्या दिवशी मैदानात प्लास्टिकचे ग्लास उडत असतात आणि आपली पोरं पुन्हा मानकोलीच्या गोदामात खोके उचलायला गेलेली असतात.

या पोरांतला एक आम्हाला चांगला माहीत आहे. त्याचं नाव लिहीत नाही. वय एकोणीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, डावखुरा. त्याचा चेंडू टप्पा पडल्यावर असा काही आत येतो की समोरचा फलंदाज आधी स्टंपकडे बघतो आणि मग पंचाकडे. गेल्या वर्षी त्याच्या मोबाइलवर 'सिलेक्शन ट्रायल'ची जाहिरात आली. नोंदणी फी पंधराशे रुपये. आईने बचत गटातून उचलून दिले. पहाटे साडेचारला तो निघाला. वाडा-भिवंडी रस्त्याचे खड्डे खात भिवंडी, तिथून रिक्षाने ठाणे, तिथून लोकल. मैदानावर तीनशेवर पोरं रांगेत. दुपारी दोनला त्याचा नंबर आला. सहा चेंडू टाकू दिले. वहीत काहीतरी लिहिणाऱ्या माणसाने त्यातल्या चार चेंडूंच्या वेळी मान वर केली नाही, असं तो सांगतो. निकाल मेलवर कळवू म्हणाले. मेल अजून यायचा आहे.

हे आम्ही आपल्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, खेळात कुठे जात असते? ज्याच्यात दम आहे तो निवडला जातोच." हा लेख त्या एका वाक्यासाठी लिहिला आहे.

दम असतोच, पण तो बघायला डोळा लागतो. तो डोळा कुणाचा, कुठल्या मैदानात उभा, कुणाच्या ओळखीचा, हे प्रश्न विचारले की नोकरीच्या मुलाखतीत आणि शाळेच्या प्रवेशात दिसणारी व्यवस्था मैदानावरही दिसायला लागते.

पालवणकर बाळू यांचं नाव आपल्या तरुणांना फारसं माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उभा केलेला उमेदवार म्हणून माहीत आहे. त्या राजकारणाचं समर्थन आम्ही करत नाही, बाबासाहेब ती निवडणूक जिंकले आणि विषय संपला. पण त्याच्या आधीचा बाळू आपण का विसरावा? चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचं काम करत होता. पुढे गोऱ्या साहेबांच्या क्लबात चार रुपयांवर गेला. तिथे ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी गोलंदाज हवा होता, म्हणून बाळूच्या हातात चेंडू आला. तासन्‌तास त्याने नेटमध्ये गोलंदाजी केली. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही, कारण फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचं होतं. तेव्हा त्यांना बाळूची आठवण झाली आणि क्लबात वाद पेटला. शेवटी जिंकण्याची गरज मोठी ठरली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावत होते ज्याला बाळूने हात लावला होता. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. तिथे बाळूने शंभरावर बळी घेतले. संघाचे बहुतेक सामने हरले, पण हा माणूस गाजला. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही. त्याच्या भावंडांना त्यासाठी भांडावं लागलं आणि १९२३ मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला. त्या वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

म्हणजे घाम गाळणारी जागा मिळाली, हुकूम देणारी जागा अडवून ठेवली गेली. आम्ही समाजशास्त्र शिकताना याला एक नाव सापडलं आणि ते सापडलं अमेरिकेतल्या अभ्यासात. १९७० मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्वोग या दोघांनी तिथल्या बेसबॉल आणि फुटबॉल संघांत कुठल्या जागेवर कोण खेळतो हे मोजलं. अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, हातात अंडाकृती चेंडू घेऊन पळायचा. मैदानाच्या मध्यभागी, जिथे डाव आखला जातो आणि एकमेकांशी बोलावं लागतं, त्या जागांवर गोरे. कडेला, जिथे नुसतं पळायचं आणि धडकायचं, तिथे काळे. काळ्यांची संख्या संघात वाढली तरी ही मांडणी हलत नव्हती. जात म्हणजे श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगून ठेवलं आहे. मैदान त्याला अपवाद कसं असेल?

त्या फुटबॉलमध्ये व्यावसायिक संघ खेळाडू घेतात ते कॉलेजमधून. संघांचे शोधक वर्षभर कॉलेज-कॉलेज फिरतात, पोरांची उंची, वजन, चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ मोजतात आणि मग वर्षातून एकदा निवडीचा दिवस असतो. ही निवड अगदी शास्त्रीय आहे, असं तिथेही सांगितलं जातं. पण दक्षिणेतल्या काळ्यांच्या कॉलेजांत (गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं बंद होती म्हणून उभी राहिलेली ही कॉलेजं) हे शोधक कितीतरी वर्षं फिरकायचेच नाहीत, आणि फिरकले तरी वरवर बघून जायचे.

तिथे बघत होता एक पत्रकार. बिल नन. पिट्सबर्ग कुरियर या काळ्यांच्या वर्तमानपत्रात तो खेळाची पानं सांभाळायचा. काळ्यांच्या कॉलेजांतल्या उत्तम खेळाडूंची यादी तो दरवर्षी आपल्या पेपरात छापत असे. त्यासाठी गावोगाव जायचा, प्रशिक्षकांच्या घरी जेवायचा, कुठल्या पोराचा गुडघा दुखतो आणि कुणाची आई आजारी आहे हे त्याला माहीत असायचं. त्याच शहरातला स्टीलर्स हा संघ मात्र वर्षानुवर्षं हरत होता आणि त्यातलं कुणी त्याच्या कचेरीची पायरी चढत नव्हतं. नन याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवायचा. ती मालकाच्या कानावर गेली आणि १९६७ पासून नन त्या संघासाठी खेळाडू शोधू लागला.

१९७४ ची गोष्ट आहे. अलाबामातल्या एका काळ्यांच्या कॉलेजात जॉन स्टॉलवर्थ नावाचा पोरगा होता. संघांच्या शोधकांनी त्याला ओल्या मैदानावर पळवलं. वेळ बरी आली नाही. सगळे घड्याळं खिशात घालून पुढच्या गावाला निघाले. ननने तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि मागे राहिला. मग चांगल्या जमिनीवर त्याने स्टॉलवर्थला पुन्हा पळवलं. स्टीलर्सने त्याला चौथ्या फेरीत घेतलं. त्याच वर्षी डॉनी शेल नावाचा आणखी एक काळ्या कॉलेजातला पोरगा निवडीच्या दिवशी कुणीच घेतला नव्हता. त्यालाही ननने आणलं. हे दोघेही पुढे त्या खेळाच्या मानाच्या दालनात गेले आणि सहा वर्षांत स्टीलर्सने चार वेळा अजिंक्यपद जिंकलं. पोरगा तोच, पाय तेच. फक्त घड्याळ धरणारा माणूस त्याच्यासाठी एक दिवस जास्त थांबला.

आमच्या डावखुऱ्या पोरासाठी असं कोण थांबणार आहे?

पण इथेच टाळ्या वाजवून थांबलो तर आम्हीही त्या ट्रायलवाल्यांसारखं स्वप्न विकणारे ठरू. त्याच स्टीलर्समध्ये जो गिलियम होता. टेनेसीतल्या काळ्यांच्या कॉलेजातून आलेला. डाव आखणाऱ्या, हुकूम देणाऱ्या जागेवर खेळणारा. १९७४ च्या हंगामात पहिले सहा सामने त्याने संघ चालवला. चार जिंकले, एक बरोबरीत, एकच हरला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. सहा सामन्यांनंतर त्याला बसवलं गेलं. तो चुकांशिवाय खेळत होता असं नाही. पण त्या जागेवरच्या गोऱ्याच्या चुका किती दिवस पोटात घालतात आणि काळ्याच्या किती दिवस, हा प्रश्न आपल्या साहेबी कचेऱ्यांत बसणाऱ्या कुठल्याही आरक्षणातल्या अधिकाऱ्याला विचारा, तो उत्तर देईल. गिलियम पुढे नशेत गेला, रस्त्यावर राहिला, सावरला आणि २००० साली पन्नाशीच्या आत गेला.

शिवाय आकडा बघा. तिथे कॉलेजात फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा व्यावसायिक संघापर्यंत पोचत नाहीत. पोचले त्यांतले बरेचसे तीन-चार हंगामांत बाहेर पडतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं काय होतं ते त्यांच्या हातात डिग्री आहे की नाही यावर ठरतं. म्हणून जे ज्येष्ठ म्हणतात, "खेळून पोट भरत नाही, आधी शिका", त्यांचं अर्धं म्हणणं आम्हाला मान्य आहे. आमचा डावखुरा मार्चमध्ये स्पर्धेसाठी परीक्षेचा पेपर बुडवतो तेव्हा आम्ही त्याच्यावर ओरडतो. पण अर्धंच. कारण ज्या घरात शिक्षण आधीच पोचलं आहे तिथला मुलगा दोन्ही करतो. सकाळी शिवाजी पार्क, दुपारी कॉलेज, सोबत वडिलांची गाडी. 'एक काहीतरी निवड' हे फक्त आपल्या पोराला सांगितलं जातं.

आणि आपल्याकडे असा थांबणारा माणूस झालाच नाही का? झाला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे. २००१ मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली आणि त्यांनी त्यांच्या हातात, म्हणजे पायात, फुटबॉल दिला. कॉलेजच्या भिंतीआडच्या वस्तीकडे त्यांनी बघितलं. नागराज मंजुळेंचा 'झुंड' आपण २०२२ मध्ये थेटरात जाऊन बघितला, शिट्ट्या मारल्या, जयंतीच्या मिरवणुकीचा प्रसंग आला तेव्हा डोळे पुसले. त्याच नागपूरच्या चळवळीतून अखिलेश पॉल बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला, पुढे प्रशिक्षक झाला. पण बारसेंनी एकट्याने जे केलं ते करणारे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आपण उभे केले का? आम्ही सिनेमाचे स्टेटस ठेवले.

आता आपलं स्वतःचं बघू. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. हे मिळवायला कागद लागतो. मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा, शालेय स्पर्धा, विद्यापीठाची स्पर्धा, तिचं प्रमाणपत्र, मग क्रीडा खात्याकडून पडताळणी. आपल्या जयंतीच्या टेनिस स्पर्धेत मिळालेला कूलर, सायकल किंवा चार फुटी चषक या रांगेत चालत नाही. अंबाडीतल्या कित्येक पोरांनी दहा-दहा वर्षं खेळून घरात चषकांची फळी भरली आहे आणि फाइलमध्ये एक कागद नाही. त्याच वेळी ज्यांना व्यवस्था माहीत आहे ते आठवीतच मुलाला संघटनेत नोंदवतात. राखीव जागा आपण भांडून मिळवायच्या आणि या जागेचा दरवाजा कुठे आहे तेच आपल्या पोराला माहीत नसावं, याचा दोष मनुवाद्यांवर टाकून आपल्याला झोप कशी येते?

भाऊ, दादा, शेठ यांच्याकडून पन्नास हजार आणता येतात. मग जयंती मंडळांनी त्यांतले पाच हजार बाजूला काढून कबड्डीचा संघ जिल्हा संघटनेकडे नोंदवायला काय हरकत आहे? एका रात्रीचा डीजे कमी केला तर दोन पोरांचा वर्षाचा लोकलचा पास निघतो. हे बोललं की आम्हाला 'जयंतीच्या उत्साहावर पाणी टाकणारे' म्हणतात. म्हणोत. मूकनायक काढताना बाबासाहेबांना उत्साहाची नव्हे, बोलणाऱ्याची उणीव दिसली होती.

आम्ही या पावसाळ्यापासून एक वही केली आहे. साधी, दोनशे पानी. अंबाडी, झिडके, दिघाशी, गणेशपुरी या बाजूच्या पाड्यांवर आणि बुद्धवाड्यांत जायचं, संध्याकाळी पोरं-पोरी खेळतात तिथे बसायचं आणि लिहायचं. नाव, वय, शाळा, काय खेळते, घरी कोण, प्रमाणपत्रं कुठली. कातकरी पाड्यावरच्या दोन मुली अनवाणी अशा पळतात की आमच्या मोबाइलचं घड्याळ आम्हाला खोटं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि पुन्हा तीच वेळ आली. त्यांच्या शाळेने आजवर तालुक्याच्या स्पर्धेला त्यांचं नाव पाठवलेलं नाही. का, हे विचारायला आम्ही सोमवारी शाळेत जाणार आहोत. चारजण तरी सोबत हवेत, एकट्या कार्यकर्त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवतात. ज्यांना येणं जमेल त्यांनी सकाळी साडेनऊला अंबाडी नाक्यावर भेटावं. डावखुऱ्याला कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांकडे आम्ही त्याच दिवशी दुपारी घेऊन जातो आहोत, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्याचं नाव लावायला. त्याच्या आईने बचत गटाचे दोन हप्ते अजून फेडायचे आहेत.