अनामत, अकरा महिने आणि एकाच चर्चमधील दोघे

वसईतील एका चाळीतील दोन खोल्या सोडून एक कुटुंब अलीकडेच दुसरीकडे राहावयास गेले. पन्नास हजारांच्या अनामतीपैकी निघताना त्यांच्या हाती बारा हजार पडले. रंगकाम, नळ, खिडकीची काच, साफसफाई अशी वजावट घरमालकाने तोंडी मोजून दाखवली. पावती एकाचीही दिली नाही. भाडे दोन दिवस लांबले की पाण्याची मोटार बंद होई. आपल्याजवळच्या दुसऱ्या किल्लीने मालक केव्हाही आत येई, एकदा तर घरात मुली एकट्याच असताना. अशा कहाण्या आम्ही पूर्वीही ऐकल्या आहेत. हिच्याविषयी लिहावेसे वाटले, कारण हे दोघेही एकाच चर्चमध्ये मिस्साला येतात.

आपल्याकडे घरमालक म्हणजे कोणी दूरचा धनाढ्य नव्हे. ज्या वाड्यांत केळी आणि पानवेली होत्या तेथे आपल्याच लोकांनी खोल्या बांधल्या आणि मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे तेथे भाड्याने आली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. कित्येक वृद्ध विधवांचा चरितार्थ या भाड्यावर चालतो, हे आम्ही विसरत नाही. मालकाची धास्तीही अगदीच निराधार नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली गोठलेली भाडी आणि वर्षानुवर्षे न सुटलेल्या जागा अनेकांनी पाहिल्या आहेत.

परंतु त्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने घेतली. 'लीव्ह अँड लायसन्स'ची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क घेण्याची तरतूद त्याच्या कलम २४ मध्ये आहे. म्हणजे मालकाला संरक्षण आहे. त्याचे कर्तव्य मात्र कलम ५५ सांगते: करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज येथेच कोसळतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यातील वर्षाच्या मर्यादेतून तो रूढ झाला. महाराष्ट्रात अशा कराराला मुदतीची ही पळवाट नाही. आता ही नोंदणी ऑनलाइनही होते. तरीही साध्या मुद्रांक कागदावर सह्या करून लोक मोकळे होतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे, पण राज्याने स्वीकारल्याविना तो लागू होत नाही.

अनामत हे तारणच. तारणाविषयी जुना करार किती बारकाईने बोलतो! गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. अनुवादाचा चोविसावा अध्याय तर धनकोला तारण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरूही देत नाही. त्याने बाहेर उभे राहावयाचे. दुसरी किल्ली खिशात बाळगणाऱ्यांनी तो अध्याय वाचावा. निवाऱ्याच्या प्रश्नावर परमगुरूंच्या न्याय व शांती आयोगाने १९८७ साली स्वतंत्र दस्तऐवज काढला होता. आपल्या प्रवचनांत तो क्वचितच येतो, आमच्याही.

भाडेकरूंना आमचे सांगणे असे: अनामत बँकेमार्फत द्या, खोलीत शिरण्याच्या दिवशीच भिंती, नळ आणि वीजमीटर यांची छायाचित्रे काढा आणि वजावट कशाकशाची होईल ते करारात लिहून घ्या. या कुटुंबाने यातले काहीच केले नव्हते. त्यांचा करारही नोंदलेला नव्हता.

हीच गोष्ट त्या मालकांच्या विरुद्ध जाते, हे आम्ही स्वतः जाऊन त्यांना समजावले. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा दिला आणि म्हणाले, "फादर, रविवारी मिस्सानंतर हिशेब करू." त्याला आज तीन रविवार झाले. बाकीचे अडतीस हजार अजून त्यांच्याकडेच आहेत.