भाव म्हणजे बातमी नव्हे!

निवडणूक आली की आपल्याकडे एक गोष्ट हमखास उगवते. फलोदीच्या सट्टा बाजाराचा कौल. राजस्थानातलं हे गाव एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतं. पण मतदान जवळ आलं रे आलं, की तिथले भाव थेट चॅनलच्या पट्टीवर! पैसे कोण लावतंय, किती लावतंय, भाव काढतंय कोण... कशाचा काही पत्ता नाही. २०२४च्या विधानसभेच्या वेळी हा बाजार महायुतीला जेमतेम बहुमत देतोय अशा बातम्या आपण वाचल्या. निकाल लागला तेव्हा तीन पक्षांच्या मिळून २८८ पैकी २३० जागा. मग ज्यांनी ते भाव छापले त्यांनी खुलासा केला का? मला तरी कुठे दिसला नाही. गंमत म्हणजे हा सट्टा मुळात बेकायदा. धंदा करणाऱ्यावर धाड, आणि त्याचा भाव मात्र ठळक बातमीत.

आता हेच प्रकरण विलायती वेष्टनात आलंय. नाव 'प्रेडिक्शन मार्केट'. अमुक गोष्ट घडली तर एक डॉलर मिळणार, नाही घडली तर शून्य. असा कागद ६२ सेंटला विकला जात असेल तर म्हणायचं, शक्यता ६२ टक्के. सीएनएन आणि सीएनबीसीने डिसेंबर २०२५मध्ये काल्शीशी करार केले, वॉल स्ट्रीट जर्नलवाल्या डाऊ जोन्सने जानेवारी २०२६मध्ये पॉलिमार्केटशी. म्हणजे फलोदीला आता टाय-कोट मिळाला.

यावर आपल्या आयटीतल्या मंडळींचं उत्तर तयार असतं. "अरे, पण मार्केट बरोबर ठरतं ना! लोक स्वतःचे पैसे लावतात, उगाच बडबड करत नाहीत." मान्य. २०२४च्या अमेरिकन निवडणुकीत जनमत चाचण्या अटीतटीची लढत सांगत होत्या, आणि पॉलिमार्केटचा भाव ट्रम्पकडे झुकलेला होता. भाव बरोबर निघाला. पण त्या भावामागे एकट्या फ्रेंच माणसाचे तीन कोटी डॉलरहून जास्त पैसे होते, वेगवेगळ्या खात्यांतून लावलेले. त्याने स्वतःच्या खर्चाने चाचण्याही करून घेतल्या होत्या. मग बातमी कोणती? 'बाजाराला असं वाटतं' ही, की 'एका माणसाने एवढे पैसे ओतलेत आणि त्याच्याकडे ही माहिती आहे' ही? दुसरी. आणि ती काही भावाने सांगितली नाही, वार्ताहरांनी खणून काढली.

भाव बरोबर ठरतो तेव्हा तर हा प्रश्न जास्तच टोचतो. ऑक्टोबर २०२५मध्ये नोबेल शांतता पुरस्कार जाहीर व्हायच्या काही तास आधी मारिया कोरिना माचादो यांचा भाव एकदम उसळला. पुरस्कार त्यांनाच मिळाला. बाजार हुशार म्हणून? नोबेलवाल्यांना तसं वाटलं नाही, त्यांनी माहिती फुटली का याची चौकशी सुरू केली. कुणाला तरी आधीच कळलं होतं का, ही बातमी. भाव म्हणजे नुसता धूर. धूर दिसला तर आग शोधायला धावायचं असतं, धुराची टक्केवारी छापायची नसते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही कोड लिहीत असाल तर लगेच कळेल: ही सर्क्युलर डिपेंडन्सी आहे. पॉलिमार्केटवरच्या अनेक सौद्यांच्या नियमांतच लिहिलेलं असतं की निकाल विश्वासार्ह बातम्यांच्या एकमतावरून ठरेल. म्हणजे बाजार बातमीवर अवलंबून, आणि बातमी बाजारावर! असा कोड रिव्ह्यूला आला तर आपण परत पाठवू. इथे त्यालाच नवी पत्रकारिता म्हणतात.

जुना मटका या बाबतीत बरा होता म्हणायचा. सुरुवातीला मुंबईत आकडा लागायचा तो न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर. धंदा वाईटच, संसार उद्ध्वस्त करणारा. पण इथल्या खेळणाऱ्याचा हात न्यूयॉर्कच्या भावापर्यंत पोचत नव्हता. आता पोचतो. ऑक्टोबर २०२५मध्ये कॉइनबेसचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी कंपनीच्या निकालांच्या कॉलमध्ये शेवटी 'बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन...' असे शब्द सरळ वाचून दाखवले. का? तर ते कोणते शब्द उच्चारणार यावर लोकांनी पैसे लावले होते म्हणून!

हा विनोद झाला. पुढचा विनोद नाही. युक्रेनमधलं मिर्नोह्राद शहर रशिया घेणार का, यावर सट्टा होता, आणि निकाल ठरायचा वॉशिंग्टनच्या 'इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर'च्या नकाशावरून. नोव्हेंबर २०२५मध्ये ऐन मोक्याला नकाशावरची रेषा सरकली, सौदा मिटला, आणि मग रेषा परत मागे. नकाशात परवानगीशिवाय बदल झाला होता, हे संस्थेनेच मान्य केलं. तो सट्ट्यासाठी केला असं तिने म्हटलेलं नाही. पण विचार करा. जिथे माणसं मरतायत त्या जागेच्या नकाशावर कुणाचे तरी पैसे लागलेत. उद्या तिथल्या वार्ताहराच्या एका वाक्यावर लाखो डॉलर अडकले, तर त्याला फोन कोणाकोणाचे येतील?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. भाव हा पत्रकाराला मिळालेला सुगावा असू शकतो, सूत्र नाही. सूत्राला नाव असतं, हेतू असतो, उलटा प्रश्न विचारता येतो, खोटं निघालं तर जाब विचारता येतो. भावाला कसला जाब विचारणार? आणि छापायचाच असेल तर सोबत हेही छापा: एकूण पैसे किती, त्यातले मोठे हात किती, त्या बाजाराशी तुमचा करार आहे की नाही. निकालानंतर चुकलेल्या भावांचा हिशोबही त्याच पानावर, त्याच टायपात.

एवढं करायची तयारी नसेल तर तो आकडा बातमीत नको. पेपर आम्ही काय झालं आणि कोण म्हणालं हे कळायला घेतो. पैज कशावर लागली हे सांगायला नाक्यावरचा बुकी पुरेसा आहे, आणि तो निदान स्वतःला संपादक म्हणवत नाही.