केळीला चंद्रपुरात ऊब नको, उजेड हवा

जळगावच्या बागेत केळीच्या पानावर फिकट पिवळे पट्टे दिसले, की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो ‘हरण्या’, कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग. झाड उपटून नष्ट करण्यावाचून इलाज नाही. शहरातला हौशी माणूस मात्र पट्टेदार केळीसाठीच खिसा रिकामा करतो! अर्थात ही पट्टेदार केळ रोगट नसते. हवाई बेटांवरच्या ‘ए-ए’ जातीच्या पानांवरच नव्हे, फळांवरही पांढरे पट्टे असतात. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, एवढंच. पण त्यामुळे झाडाला अन्न तयार करायला निम्मंशिम्मंच पान उरतं, आणि उजेडाची गरज वाढते.

अशी केळ घरात वाढवायचे बहुतेक सल्ले थंड देशांतून येतात: कुंडीखाली ऊब द्या, खोली तापवा. चंद्रपूर-गडचिरोलीत हे वाचून हसू येईल. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि केळीला मानवतात साधारण २६ ते ३० अंश. ताडोबातला साग उन्हाळ्याआधी पानं गाळून मोकळा होतो. केळीला ती युक्ती ठाऊक नाही. तिची भलीमोठी पानं भर उन्हाळ्यातही पाणी उडवत राहतात, आणि दुपारच्या उन्हात पांढरे पट्टे आधी करपतात.

म्हणून झाड घरात आणावं, हे खरंच. पण उन्हाळ्यात इथलं घर कसं असतं? सकाळी दहाच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कोपऱ्यात कूलर घरघरतोय. कूलरची दमट हवा केळीच्या पथ्यावर पडते (थेट झोत मात्र नको, पानं फाटतात). उणीव राहते ती उजेडाची. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत रोप मान टाकून बसलेलं! नवं पान आधीच्यापेक्षा लहान निघालं, दांडा लांबला, की समजावं, झाड उजेडावाचून उपाशी आहे.

उपाय महागडा नाही. पूर्वेची खिडकी सकाळी नऊपर्यंत उघडी ठेवावी आणि पुढे दिवा लावावा. ४० वॅटचा एलईडी दिवा रोज १२ तास जळला, तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट वीज लागते. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उशाशी असलेल्या शहराला हे जड नसावं. कोळशाची धूळ बसते ती वेगळीच. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पानं पुसली नाहीत, तर दिव्याचा उजेडही वायाच.

ऊब लागते ती डिसेंबर-जानेवारीत. जंगलाकाठच्या गावांत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि चौदाच्या खाली केळीची वाढ थांबते. जळगावकर त्याला ‘चरका’ म्हणतात. तेव्हा कुंडी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी सरकवावी आणि पाणी कमी करावं. थंडीत ओली राहिलेली काळी माती कंद कुजवते.

खरेदीतही डोळे उघडे हवेत. पट्टेदार केळीचं ‘बी’ म्हणून पाकिटं विकणारे ऑनलाइन पुष्कळ भेटतात. ‘ए-ए’ला बीच धरत नाही, ती मुनव्यानेच वाढते. मुनवा घेतानाही आधी मूळ झाडाचा फोटो मागावा. पूर्ण हिरवा मुनवा बहुधा हिरवाच राहतो. आणि पूर्ण पांढरा कितीही देखणा असला, तरी आईपासून तोडला की जगत नाही.