दोन यंत्रांची बेरीज आणि भिवंडीची टाच

भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराची टाच उभे राहून दुखते. बारा तासांची पाळी, पायाखाली सिमेंटची फरशी, चार-सहा मागांमधून सतत फेऱ्या. धोट्यातली कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा, पुन्हा चालायचे. मानकोली, राहनाळ, काल्हेरच्या गोदामांत हमालाचे खांदे आणि कंबर ओझ्याने जातात. या माणसांपुढे जेव्हा ‘लेझर आणि शॉकवेव्ह एकत्र’ असे पॅकेज ठेवले जाते, तेव्हा ते नीट तपासायलाच हवे. कारण ज्याची मजुरी मीटरवर ठरते, त्याच्यासाठी उपचाराला गेलेला प्रत्येक तास म्हणजे बुडालेले कापड.

एकत्र उपचाराच्या बाजूचे म्हणणे असे: शॉकवेव्हचे दाबाचे ठोके जुनाट दुखापतीत दुरुस्ती पुन्हा जागी करतात, लेझरचा प्रकाश सूज आणि वेदना उतरवतो, म्हणून दोन्ही मिळून फायदा दुप्पट. दोन्ही उपचारांचे कूळ खरे आहे. शॉकवेव्ह 1980 मध्ये म्युनिकला मूतखडा फोडण्यासाठी प्रथम माणसावर वापरली गेली, पुढे ती स्नायुबंधांकडे वळली. कमी शक्तीच्या लेझरची वाट बुडापेस्टच्या एन्द्रे मेस्टर यांनी 1967 च्या सुमारास उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून निघाली.

पण ‘दुप्पट’ कुठून आले? एक उपचार जखमेला डिवचतो आणि दुसरा तिला शांत करतो, असे तुम्हीच सांगता. मग आधी कोणता, मध्ये किती दिवस, आणि दुसरा पहिल्याचे काम पुसत नाही हे कशावरून? याचे उत्तर फक्त लेझर, फक्त शॉकवेव्ह, दोन्ही आणि नुसता व्यायाम, असे चार गट शेजारी ठेवून मिळते. एकत्र उपचारावरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. त्यांच्या बळावर सगळ्या दुखण्यांना एकच दर लावणे अप्रामाणिक आहे.

‘पण टेबलावरून उतरताच बरे वाटते’ हा पुरावाही पुरत नाही. ठोक्यांनंतर जागा काही काळ बधिर होते, आणि टाचदुखी बहुतेकांची वर्षभरात तशीही ओसरते. खांद्याचे बघा: 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात 32 चाचण्या आणि 2,281 रुग्ण जमेस धरूनही, खांद्याच्या स्नायुबंधांच्या दुखण्यात शॉकवेव्हचा रुग्णाला जाणवेल असा लाभ फारसा दिसला नाही.

सर्वांत मोठा धोका कंबरेचा. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन ही पाठीच्या कण्याच्या क्षयाची लक्षणे असू शकतात. असा माणूस दहा बैठका लेझरखाली पडून राहिला, तर त्याचे नुकसान पैशापुरते राहत नाही. मणके खचत जातात, पाय लुळे पडू शकतात. निदानाआधी यंत्र लावणे हा माझ्या मते अपराधच आहे. गाठीची शंका, गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी हे विचारल्याशिवाय शॉकवेव्हला हात लावू नये, आणि लेझर सुरू असताना खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर योग्य चष्मा हवा.

याउलट ‘यंत्रे म्हणजे सगळे थोतांड’ म्हणणारेही चुकतात. 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या आढाव्यात, 16 चाचण्यांतल्या 820 रुग्णांच्या मानदुखीला लेझरने काही आठवडे आराम दिल्याचे दिसले. हट्टी टाचदुखीत आणि खांद्यात चुना साचला असेल तेव्हा शॉकवेव्हला जागा आहे.

आणि एकत्र उपचार खरोखर फळाला आला, त्याचे उदाहरणही आहे. मात्र त्यात दुसरे यंत्र नव्हते. जर्मनीतल्या रोम्पे आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये घोट्यामागचा स्नायुबंध दुखणाऱ्या 68 रुग्णांवर चाचणी केली. चार महिन्यांनी नुसत्या व्यायामाने 56 टक्के रुग्ण पूर्ण किंवा बरेचसे बरे झाले. व्यायामाला शॉकवेव्हची जोड दिलेल्यांत 82 टक्के. मी ज्या जोडीची बाजू घेतो ती ही: नेमके निदान, स्नायुबंधावर हळूहळू वाढवत नेलेला भार, आणि गरज उरली तर आठवड्याला एक याप्रमाणे शॉकवेव्हच्या तीन-चार बैठका.

टाचेचा व्यायाम तर फुकट आहे. पायरीवर उभे राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, तीन सेकंदांत टाच उचलायची, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कच्या 2014 च्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम नुसत्या ताणांपेक्षा सरस ठरला. तो शिकवायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास देणाऱ्या फिजिओथेरपिस्टला यंत्र चालवण्याएवढीच फी मिळाली पाहिजे.

राहिला मालकांचा वाटा. हमालांसाठीचा माथाडी कायदा महाराष्ट्राने 1969 मध्ये केला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषासाठी ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो सुचवली होती. मागांच्या रांगेत जाड रबरी चटई, पाळीत दोनदा टेकायला स्टूल, गोदामात हातगाडी आणि छातीच्या उंचीचा फलाट: हा खर्च उपचाराचाच भाग धरून कारखान्याच्या खात्यावर पडला पाहिजे, विणकराच्या खिशावर नाही.