गोष्ट सांगतो कोण?

सिंहाला विहिरीतील प्रतिबिंब दाखवून बुडविणाऱ्या सशाची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण पंचतंत्रात ती कोणाच्या तोंडी आहे, याची विचारपूस सहसा होत नाही. ती सांगतो दमनक हा कारस्थानी कोल्हा. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री तोडण्यास आपली युक्ती पुरेशी आहे, हे करटकाला पटविण्यासाठी दिलेला हा दाखला. पुढे सिंहाच्या मनात विष कालविताना तो ऊ आणि ढेकणाची गोष्ट सांगतो. परक्याला आसरा दिला म्हणून ऊ प्राणास मुकली, हे तिचे सार. गोष्ट रंजक होती, सारही पटण्यासारखे होते. पण संजीवक निरपराध होता. सिंहाने गोष्ट ऐकली, सांगणाऱ्याचा हेतू पारखला नाही आणि मित्राचाच जीव घेतला.

अमरशक्ती राजाच्या तीन पुत्रांना विष्णुशर्म्याने दिलेला हा धडा आज अधिकच निकडीचा आहे. हातातल्या मोबाइलवर रोज नवा दमनक नवी गोष्ट घेऊन येतो.

परकीयांनी लिहिलेला इतिहास तपासून घ्या, असे मुलांना आवर्जून सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु एकलव्याचा अंगठा मागणे न्याय्य होते का, असे घरातल्याच मुलीने विचारले, की ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ असे उत्तर मिळते. व्यासांना मात्र असा संकोच वाटला नाही. अश्वत्थाम्याविषयीच्या अर्धसत्यानंतर धर्मराजाचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला, हे त्यांनी लपविले नाही. निकृष्ट गायी दान देणाऱ्या पित्याला प्रश्न करणारा नचिकेता उपनिषदात उद्धट नव्हे, श्रद्धावान ठरला आहे.

म्हणून रात्रीची गोष्ट संपली की तात्पर्य सांगण्याची घाई नको. ही गोष्ट कोण, कोणाला आणि कशासाठी सांगत आहे? जो मारला गेला, त्याची बाजू कोणी ऐकली का? एवढे प्रश्न मुलांपुढे ठेवावेत आणि उत्तराची वाट पाहावी. बालसंस्कार वर्गांतूनही पाठांतराच्या जोडीला अशा चर्चेला स्थान मिळावे. जी कथा प्रश्नांना पुरून उरते, तीच मुलांच्या मनात आयुष्यभर टिकते. दटावून गप्प केलेले मूल श्रद्धाळू होत नाही. ते फक्त विचारणे सोडते, आणि पुढे कोणत्याही दमनकाच्या हाती सापडते.

अवघी गीता सांगून झाल्यावर श्रीकृष्णांनी अर्जुनाला पूर्ण विचार करून मग इच्छेप्रमाणे वागण्यास सांगितले. भगवंतांनी शिष्याला दिलेली ही मोकळीक घरातल्या मुलांना नाकारण्याचे कारण काय?