रायफलीची निवड आणि निर्णयाचा विलंब

उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथील कारखान्यात तयार होणारी ए. के. २०३ ही रायफल भारतीय पायदळाच्या हाती टप्प्याटप्प्याने येत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाशी झालेल्या करारानुसार अशा सहा लाखांहून अधिक रायफली या देशातच घडवावयाच्या आहेत. या घटनेचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. तथापि, सैनिकाच्या हातातील एक साधे शस्त्र निवडण्यास या देशाला दर वेळी इतका काळ का लागतो, हा प्रश्न त्या स्वागताच्या भरात मागे पडू नये. या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर भारताने आपली पहिली अर्ध-स्वयंचलित रायफल कशी निवडली, त्या इतिहासाकडे वळावे लागते.

साधी रायफल आणि अर्ध-स्वयंचलित रायफल यांतील भेद तांत्रिक असला तरी समजण्यास कठीण नाही. जुन्या रायफलीत एक गोळी झाडल्यावर बोल्टाची मूठ उचलून मागे ओढावी लागते, पुढे ढकलून पुन्हा खाली पाडावी लागते. तेव्हा कोठे दुसरे काडतूस नळीच्या तोंडाशी बसते. अर्ध-स्वयंचलित रायफलीत हे काम बहुधा गोळीमागील वायूच्या दाबानेच होते. सैनिकाने फक्त दर गोळीला चाप ओढावयाचा. नेम न हलविता एकामागून एक गोळ्या झाडता येतात, हा तिचा खरा लाभ. अमेरिकेने जॉन गॅरंड यांची अशी रायफल १९३६ मध्येच आपल्या सैन्यासाठी स्वीकारली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इतर देशांचीही पावले त्याच दिशेने पडू लागली. बेल्जियममधील हेर्स्टाल येथे द्यूदोने सेव्ह यांनी सिद्ध केलेली ‘फाल’ रायफल कॅनडाने १९५५ मध्ये स्वीकारली. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांनीही त्याच दशकात तिचीच वाट धरली.

भारतीय जवानाच्या हाती मात्र १९६२ मध्येही ‘थ्री-नॉट-थ्री’ हीच रायफल होती. ही ली-एन्फील्ड रायफल पहिल्या महायुद्धापूर्वीची. तिच्या अचूकपणाबद्दल आणि टिकाऊपणाबद्दल दुमत नव्हते. दोन महायुद्धांत तिने भारतीय सैनिकाची साथ दिली होती. पण जगातील सैन्ये बदलत असताना, ज्या राष्ट्रकुलातील देशांशी भारतीय सैन्याचा निकटचा संबंध होता तेच देश बदलत असताना, दिल्लीत हा निर्णय रेंगाळत राहिला. पैशाची चणचण, विकासयोजनांना दिलेला अग्रक्रम आणि मोठे युद्ध होणार नाही ही समजूत या साऱ्याचा तो परिपाक होता. यांतील एकही कारण क्षुल्लक नव्हते. पण त्यांची बेरीज लडाखच्या आणि नेफाच्या बर्फात उभ्या असलेल्या जवानाला भोगावी लागली.

त्या पराभवाचे सारे खापर रायफलीवर फोडणे अर्थातच अन्यायाचे होईल. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ अशी म्हण महाराष्ट्रात रूढ झाली. पराभवाच्या चौकशीसंबंधी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन करताना चव्हाणांनी उपकरणांचा एकंदर तुटवडा होता हे मान्य केले. त्याचबरोबर अनेक वस्तू देशात कोठे ना कोठे होत्या, त्या आघाडीवर वेळेत पोहोचू शकल्या नाहीत, हेही त्यांनी सांगितले. पर्वतीय युद्धाचे शिक्षण, नेतृत्व, रस्ते, पुरवठा या सर्वच बाबतींत उणिवा होत्या. रायफल ही त्या उणिवांपैकी एक. पण ती प्रत्येक जवानाच्या हातात असल्याने निर्णयातील दिरंगाई तिच्या रूपाने सर्वांत ठळकपणे दिसली.

पराभवानंतर मात्र चक्रे फिरली. प्रश्न केवळ एक बंदूक पसंत करण्याचा नव्हता. काडतूस कोणते, हा पहिला प्रश्न. भारताने ७.६२ मिलिमीटर व्यासाचे आणि ५१ मिलिमीटर लांबीचे, नाटो राष्ट्रांनी ठरविलेले काडतूस घेतले. अलिप्ततेचे धोरण पुरस्कारणाऱ्या देशाने एका लष्करी गटाचे काडतूस स्वीकारावे, यात विसंगती शोधणे सोपे आहे. पण दूरवरचा मारा आणि रायफल व मशीनगन यांना चालणारा एकच दारूगोळा हे लाभ त्यामागे होते. दुसरा प्रश्न गोळ्यांची सलग फैर झाडण्याची सोय असावी की नसावी, हा. इतक्या जोरकस काडतुसाच्या सलग माऱ्यात नेम स्थिर राहत नाही आणि दारूगोळा व्यर्थ जातो, म्हणून ब्रिटनप्रमाणेच भारतानेही सर्वसाधारण जवानासाठी ती सोय वगळली. तिसरा प्रश्न परवान्याचा. बेल्जियन कंपनीशी अटी जुळल्या नाहीत. तेव्हा पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने परदेशी नमुन्यांचा अभ्यास करून स्वतःची घडण सिद्ध केली. हुगळीकाठच्या इशापूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. सैन्यात ‘एस. एल. आर.’ म्हणून ओळखली गेलेली रायफल ती हीच.

या तिन्ही निर्णयांत विचार होता, हे मान्य करावयास हवे. १९७१ च्या युद्धात हीच रायफल भारतीय पायदळाचे प्रमुख शस्त्र होती. तथापि, घाईची किंमतही चुकवावी लागली. नव्या रायफली पुरेशा वेगाने तयार होईनात, म्हणून इशापूरमध्ये नव्या काडतुसासाठी जुन्याच बोल्टाच्या घडणीची ‘२-ए’ ही रायफल काढावी लागली. अर्ध-स्वयंचलित युगात प्रवेश करताना देश जुन्या पद्धतीचे एक नवे शस्त्र घडवीत होता! हाच निर्णय १९५५ च्या सुमारास झाला असता, तर परवान्याच्या वाटाघाटी शांतपणे झाल्या असत्या, कारखान्याची जुळवाजुळव वेळेत झाली असती आणि या तात्पुरत्या उपायाची गरज बहुधा पडली नसती. उशिरा केलेली निवड ही निवड राहत नाही. ती परिस्थितीशी केलेली तडजोड ठरते.

हा धडा एकदाच गिरवावा लागला असता तरी समाधान मानता आले असते. पण १९८७ नंतर श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेच्या जवानांच्या हाती हीच लांब आणि जड एस. एल. आर. होती, आणि समोरच्या तामिळ वाघांकडे ए. के. ४७ होत्या. पुन्हा एकदा उणीव प्रथम रणभूमीवर कळली. पुण्यातच रचना झालेली ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ रायफल सैन्यात रुळेपर्यंत १९९० चे दशक सरत आले. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्याविषयी तक्रारी पुढे आल्या. तिला पर्याय म्हणून २०११ मध्ये काढलेली निविदा २०१५ मध्ये रद्द झाली. अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० रायफली अमेरिकेकडून तातडीने विकत घ्याव्या लागल्या. त्यांचे काडतूस पुन्हा तेच, ५१ मिलिमीटर लांबीचे, ए. के. २०३ चे ३९ मिलिमीटरचे. इन्सासचे आणखी वेगळे. एकाच पायदळाला तीन प्रकारचा दारूगोळा पुरविण्याचा भार हा या रेंगाळण्याचा आणखी एक परिणाम होय.

सैन्याची ही स्थिती, तर पोलिसांची काय वर्णावी? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांच्या ए. के. ४७ ला तोंड देणाऱ्या काही पोलिसांच्या हाती जुन्या बोल्टाच्या रायफली होत्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हाती तर केवळ लाठी होती. त्यांच्या शौर्याला वंदन करताना, ते शौर्य त्यांना अशा साधनांनिशी दाखवावे लागले ही व्यवस्थेची नामुष्की आहे, याचा विसर पडता कामा नये. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला तो जानेवारी २०२० मध्ये. तिची जागा घेणाऱ्या शस्त्रांत एस. एल. आर. चाही समावेश होता. सैन्याने १९६३ च्या सुमारास निवडलेली रायफल शिपायापर्यंत पोहोचण्यास सुमारे साडेपाच दशके लागली, असा याचा अर्थ.

शस्त्राची निवड घाईने करू नये, चाचण्यांना वेळ द्यावाच लागतो, असे यावर म्हटले जाते. ते खरेच आहे. वाळवंट, हिमशिखरे आणि दमट जंगले या सर्व ठिकाणी चालणारे शस्त्र एका हंगामात पारखून होत नाही. पण हाच युक्तिवाद काम लवकर सुरू करण्याच्या बाजूचा आहे. चाचणीला पाच वर्षे लागणार असतील तर ती पाच वर्षे युद्धापूर्वीची असावीत. निविदा काढून रद्द करणे, सैन्याच्या अपेक्षा मध्येच बदलणे आणि नंतर तातडीची खरेदी करणे, याला सावधगिरी म्हणता येत नाही.

म्हणून ए. के. २०३ च्या आगमनाबरोबरच तिच्या वारसदाराचा विचार सुरू व्हावयास हवा. प्रत्येक शस्त्र किती वर्षे वापरावयाचे आणि त्याचा पर्याय केव्हा पारखावयाचा, याचे वेळापत्रक ठरले पाहिजे. त्यातील दिरंगाईचा जाब संसदेत विचारला गेला पाहिजे. सैन्याने बदललेले शस्त्र पोलिसांपर्यंत किती काळात पोहोचेल, हेही त्याच वेळी ठरावे; आणि हाती आलेल्या रायफलीच्या सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळावीत, कारण सरावाविना उत्तम रायफलही निरुपयोगी ठरते. पहिली अर्ध-स्वयंचलित रायफल या देशाने पराभवानंतर निवडली. पुढील रायफल तरी शांततेच्या काळात निवडली जावी, एवढी अपेक्षा सीमेवरील जवानाने आणि चौकीवरील शिपायाने बाळगली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.